नागपूर जिल्ह्यातली बेरारी शेळी : मोजणीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

कामाला सुरुवात. नागपूर जिल्ह्यात बेरारी जातीच्या शेळ्या एकूण किती, त्यात पैदाशीच्या माद्या किती आणि पैदाशीचे बोकड किती, एवढं काढायचं आहे. तिसरा आकडा सगळ्यात लहान येणार आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो पहिल्या दिवसापासून वेगळा धरतो आहे.

शेळ्यांची एकूण संख्या काही गुपित नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख. २०१२ साली राज्यात साधारण ८४ लाख होत्या, म्हणजे सात वर्षांत पाव हिश्श्याने वाढ. हे वाचून कुणालाही वाटेल की शेळीचं बरं चाललं आहे. पण या आकड्यातून बेरारीचं काहीच कळत नाही. गावात सिरोही किंवा जमुनापारी अशा बाहेरच्या जातीचा बोकड आणून सोडला की शेळ्या वाढतात आणि गावची जात घटते, आणि हे दोन्ही एकाच वर्षात घडतं.

विसाव्या गणनेचा जातवार अहवालही २०२२ मध्ये आला. त्यात शेळीच्या २८ देशी जाती आहेत, आणि सर्वाधिक वाटा ब्लॅक बेंगालचा, १८.६ टक्के. देशपातळीवर हे चित्र उपयोगाचं आहे. पण भिवापूरच्या एखाद्या गावात बेरारी टिकली आहे की नाही, हे पाहायला त्या गावात जावंच लागतं.

सध्या एकविसाव्या पशुगणनेचे प्रगणक मोबाईल ॲप घेऊन दारोदार फिरत आहेत. आमचं काम त्यांच्या कामाला पर्याय नाही. त्यांनी घर न घर मोजायचं, आम्ही थोडीच गावं घ्यायची पण प्रत्येक जनावरापाशी थांबायचं.

१९ जानेवारी

ओळखपत्रक तयार केलं. बेरारीचा रंग फिकट तांबूस ते गडद तांबडा. पाठीच्या कण्यावरून काळ्या केसांची रेघ जाते. तोंडावर शिंगाच्या बुडापासून नाकपुडीकडे उतरणारे पांढुरके पट्टे, दोन्ही बाजूंना एकेक. कान पानासारखे चपटे आणि लोंबते. लोक तिला नुसतं गावरानी म्हणतात, काही ठिकाणी लाखी.

उस्मानाबादी बहुतेक काळी असते, तिच्याशी गल्लत होत नाही. खरी अडचण सिरोहीच्या संकराची. रंग तांबूसच राहतो, पण अंगावर चट्टे उतरतात. जमुनापारी किंवा बीटलचं रक्त आलं की आधी कान लांबतात आणि नाकाचं हाड फुगतं. बोअरचं पांढरं अंग आणि तांबडं डोकं लांबूनच ओळखू येतं.

एक गोष्ट मी आग्रहाने ठरवून घेतली. शेतात उभं राहून ‘बेरारी’ किंवा ‘बेरारी नाही’ असा शिक्का मारायचा नाही. रंग, पाठीची रेघ, तोंडाचे पट्टे, कान, नाक, शिंगं या प्रत्येकापुढे ‘आहे’, ‘अंधुक’, ‘नाही’ यांपैकी एक लिहायचं आणि फोटो घ्यायचा. निवाडा घरी बसून. उद्या कुणी म्हणालं की तुमचा निकष फार सैल होता, तर तो कडक करून त्याच नोंदींवरून पुन्हा आकडा काढता येतो. शेतातच शिक्का मारला तर ती वाट बंद होते.

सहा महिन्यांखालच्या पिल्लांची फक्त संख्या घ्यायची. त्यांचा रंग अजून बदलायचा असतो.

२ फेब्रुवारी

हिंगणा तालुक्यातलं एक गाव, सकाळचा आखर. बकऱ्या रानात निघायच्या आधी इथे गोळा होतात, त्यामुळे एका जागी गावातल्या बऱ्याच बकऱ्या दिसतात. मी आणि सहकारी दोघांनी एकमेकांचे कागद न बघता त्याच शेळ्यांना गुण दिले. नंतर ताळा केला.

रंग आणि कान यांवर आमचं एकमत जवळजवळ पूर्ण. मतभेद होते पाठीच्या रेघेवर. उन्हाच्या बाजूला उभं राहिलं की गडद तांबड्या अंगावरची काळी रेघ दिसेनाशी होते. त्याच बकरीच्या दुसऱ्या बाजूला गेलं की मानेपासून शेपटीपर्यंत स्पष्ट दिसते. आता नियम असा की पाठीवर हात फिरवून केस उलटे करायचे आणि मग लिहायचं. उलट्या केसांत काळी मुळं लपत नाहीत.

अशा वेळी टक्क्यात एकमत मोजून भागत नाही. दोघांनी डोळे मिटून ‘आहे’ लिहिलं तरी पुष्कळ ठिकाणी जुळेलच. म्हणून योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारं ‘कोहेनचा कप्पा’ (kappa) हे एकमताचं माप वापरतो आहोत. तो ज्या लक्षणाचा कमी येईल, ते लक्षण निवाड्यात दुय्यम.

१४ फेब्रुवारी

गावं किती आणि प्रत्येक गावात शेळ्या किती, यावर बराच खल झाला. पशुधन पर्यवेक्षकांचं म्हणणं साधं होतं : मोठी चारपाच गावं घ्या आणि तिथल्या सगळ्या शेळ्या बघा, पेट्रोल वाचेल. पेट्रोल वाचेल हे खरं, पण माहिती मिळणार नाही.

कारण एका गावातल्या शेळ्या एकमेकींच्या नात्यातल्या. एकदोन बोकडांची ती सगळी लेकरं-नातवंडं. वीस शेळ्या बघितल्या तरी प्रत्यक्षात एक-दोन बोकडांचं घराणंच बघितलं असं होतं. नमुना-पाहणीच्या हिशेबात याला सूत्र आहे : एका गावातून m शेळ्या घेतल्या आणि त्यांच्यातलं साम्य ρ असेल, तर अंदाजातल्या चुकीच्या पसाऱ्याचा वर्ग १ + (m − १)ρ पटीने वाढतो. समजा प्रत्येक गावातून २० शेळ्या आणि साम्य ०.३. गुणक येतो ६.७. म्हणजे ४०० शेळ्या बघून हाती माहिती जेमतेम ६० शेळ्यांइतकी.

तेव्हा गावं जास्त, गावागणिक शेळ्या कमी. जिल्ह्याचे थर पाडले : काटोल-नरखेडचा संत्र्याचा पट्टा, रामटेक-पारशिवनीचा जंगलालगतचा भाग, उमरेड-भिवापूर-कुही, मौद्याचा धानाचा भाग, आणि शहराला चिकटलेली हिंगणा-कामठीकडची गावं. शहराजवळ बाहेरचे बोकड जास्त येतात असा अंदाज आहे. थर वेगळा ठेवल्याशिवाय तो तपासता येणार नाही.

२७ फेब्रुवारी

कळमेश्वरच्या पुढे रस्त्यालगत उंट दिसले आणि मागे मेंढ्यांचा मोठा कळप. कच्छकडचे रबारी. इकडे लोक त्यांना काठेवाडी म्हणतात. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीत त्यांच्या मेंढ्या चरतात, आणि शेतकरी खतासाठी रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतो. त्यांच्यात शेळ्याही असतात.

यांना मोजायचं की नाही? जिल्ह्याच्या बेरारीच्या आकड्यात त्या येणार नाहीत, पण त्यांची नोंद वेगळ्या तक्त्यात हवी. हे कळप गावच्या बकऱ्यांत मिसळतात, त्यांचे बोकड गावच्या शेळ्यांना लागतात. चालू पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद पहिल्यांदाच होते आहे, हे फार चांगलं झालं. १९१९ पासून गणना होते आहे आणि चालत्या कळपाला आपली ओळ आत्ता मिळाली.

१६ मार्च

उमरेड तालुका. घरातल्या काकाजींना विचारलं, बकऱ्या किती? म्हणाले, ‘‘सात.’’ आतून बाई आल्या. ‘‘सात कायच्या? नऊ हायेत. दोन माह्या मायनं देल्ल्या, त्या नाय मोजल्या तुमी.’’ काकाजी काही बोलले नाहीत.

इथे शेळी बहुतेक बाईची असते. अडीनडीला विकायची, पोरांच्या शाळेला, दवाखान्याला. पुरुषाला विचारलं की त्याच्या हिशेबातली संख्या मिळते. आता प्रश्न घरातल्या बाईला विचारायचा, आणि जमेल तिथे पशुसखीला, म्हणजे गावातल्या जनावरांची काळजी घ्यायला शिकलेल्या बाईला, सोबत घ्यायचं. पशुसखी बरोबर असली की दार लवकर उघडतं आणि आकडाही खरा येतो.

दुसरा गुंता अर्धलीचा. शेळी एकाची, सांभाळतो दुसरा, पिल्लं निम्मी निम्मी. मालकही सांगतो, सांभाळणाराही सांगतो, आणि एकाच शेळीच्या दोन होतात. आमचा नियम : शेळी काल रात्री ज्या कोठ्यात बांधली होती, ती त्या घरची. मालकी वेगळ्या रकान्यात.

आणि मोजणीचीच भीती. एका म्हाताऱ्या आजींनी स्पष्ट सांगितलं, ‘‘कायले मोजता बापू? मोजल्यानं बिमारी येते.’’ वाद घालायचा नाही. त्यांना म्हटलं, मोजत नाही, एकेकीची ओळख सांगा. मग त्यांनी कोठ्यातली प्रत्येक बकरी सांगितली : ही चांदी, ही तिची पाट (तरुण मादी), ही कबरी, हिला मागच्या पोळ्याला दोन झाले, ही आंधळी पण दुधाची. मोजणीपेक्षा किती तरी जास्त मिळालं, कारण कोण कुणाची लेक हेही आलं. पत्रकात आता ‘आई कोणती’ हा रकाना घातला आहे.

६ एप्रिल

आज बोकडांचा हिशेब सविस्तर मांडून ठेवतो. गावोगावी हाच प्रश्न येतो की शेळ्या एवढ्या असताना काळजी कसली.

जातीचं आयुष्य डोक्यांच्या संख्येवर ठरत नाही, परिणामकारक संख्येवर ठरतं, म्हणजे रक्ताच्या वेगळेपणाच्या हिशेबात कळप किती जनावरांच्या तोलाचा आहे यावर. सूत्र असं : नर M, माद्या F, तर परिणामकारक संख्या ४MF भागिले (M + F). समजा १००० माद्या आणि २० बोकड. उत्तर ७८. आता माद्या दुप्पट करा, २०००, बोकड तेवढेच. उत्तर ७९. हजार शेळ्या वाढल्या आणि पदरात एक पडला. उलट माद्या १००० च ठेवा आणि बोकड ४० करा. उत्तर १५४.

एका गावापुरतं बघितलं तर आणखी उघडं पडतं. १२० माद्या आणि २ बोकड : ८. त्याच १२० माद्या आणि ६ बोकड : २३. परिणामकारक संख्या ५० असेल तर दर पिढीला सगोत्र पैदास, म्हणजे नात्यातल्या जनावरांची आपसातली पैदास, एक टक्क्याने वाढते, आणि त्याखाली जाऊ देऊ नये असा साधारण दंडक आहे. गावं एकमेकांशी बोकडांची देवाणघेवाण करतात म्हणून जात टिकते. ती थांबली तर प्रत्येक गाव एकटं पडतं.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या जुन्या वर्गवारीतही नर वेगळे मोजले आहेत : पैदाशीच्या माद्या १०० पर्यंत किंवा नर ५ पर्यंत उरले की जात अतिसंकटात, माद्या १००० पर्यंत किंवा नर २० पर्यंत आले की संकटात. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. माद्या हजारोंनी असल्या तरी नर संपत आले तर जात धोक्यातच धरायची.

२५ मे

पारा चढलेला आहे, फिरणं सकाळी सहा ते दहा एवढंच.

बकरी ईद ७ जूनला. गावात व्यापाऱ्यांच्या गाड्या फिरू लागल्या आहेत. आज कुहीकडच्या एका कळपात एक बोकड बघितला, त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. गडद तांबडा, पाठीची रेघ मानेवर बोटभर रुंद, पुढे निमुळती होत शेपटीत उतरलेली. तोंडाचे दोन्ही पट्टे स्वच्छ. ओठ उलटून दात बघितले : मधले दोन दुधाचे पडून पक्के नुकतेच वर आलेले, कडा अजून धारदार. दोन दाती, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा. छाती भरलेली, चारही पाय सरळ. सहाही लक्षणांपुढे ‘आहे’. संपूर्ण पत्रक असं भरलेले बोकड फार थोडे भेटले.

मालकाला विचारलं, ठेवणार का? ‘‘ठेवून काय करू भाऊ? आत्ता भाव हाये. ईद झाल्यावर कोण पुसते?’’

त्यांचं चूक नाही. अडचण वयाची आहे. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण लागतं, आणि गिऱ्हाईक दात बघून घेतं. पैदाशीला बोकड पुरता कामाचा होतो तेही साधारण याच वयात. विकायचं वय आणि राखायचं वय एकच. त्यात देखणा बोकड आधी विकला जातो. मागे राहतो तो बारका, किंवा ज्याला भाव आला नाही तो. पुढच्या वर्षीच्या पिल्लांचा बाप तोच. काही ठिकाणी अंगाने भरावा म्हणून चांगला बोकड लहानपणीच खच्ची करतात, तेव्हा तो कळपात दिसतो पण पैदाशीत नसतो. म्हणून पत्रकात बोकडाच्या पुढे ‘खच्ची की आंडील’ हे लिहिल्याशिवाय पान पूर्ण धरायचं नाही.

४ जून

मोमीनपुऱ्यातला बाजार. इथे मोजणी नाही, फक्त बघणं : कोणत्या जातीचे बोकड येतात, कुठून येतात. राजस्थानी, उत्तरेकडचे लांब कानाचे, काळे उस्मानाबादी. आणि मधूनमधून तांबडे, पाठीवर रेघ असलेले. व्यापारी मोकळेपणाने बोलले. नागपूरसोबत वर्धा आणि अमरावतीचाही माल होता. यातून संख्येचा अंदाज काढता येणार नाही. पण उन्हाळ्यात एकदा आणि ईदनंतर एकदा त्याच गावांत बोकड मोजले पाहिजेत, हे इथे उभं राहिल्यावर पक्कं झालं. वर्षातून एकाच दिवशी मोजलेला बोकडांचा आकडा त्या दिवसापुरताच खरा.

१३ जुलै

पाऊस. रामटेककडचे रस्ते बंद, काम टेबलावर.

पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाच्या लसीकरणाच्या नोंदी ताळ्यासाठी मागवल्या आहेत. शेळी एकदा टोचली की तीनेक वर्षं संरक्षण मिळतं, आणि लहान पिल्लांना लस देत नाहीत. त्यामुळे डोस म्हणजे शेळ्या असं समीकरण होत नाही. पण गावागावांमधलं कमीजास्त प्रमाण पडताळायला नोंदी चांगल्या आहेत. कानात बारा आकडी बिल्ला असलेल्या शेळ्या असतील तर आणखी सोपं.

७ सप्टेंबर

ईदनंतरची फेरी चालू. बोकड मोजायला आता दोन याद्यांची पद्धत घेतली आहे, आणि ती मनापासून आवडली.

गावात फिरता बोकड हाताला लागत नाही. तो या कोठ्यात असतो, उद्या मामाच्या गावी नेलेला असतो. म्हणून एक जण घरोघर विचारून यादी करतो. दुसरा, पहिल्याची यादी न बघता, बकऱ्या चारणाऱ्यांबरोबर रानात जाऊन यादी करतो. मग दोन्ही समोरासमोर ठेवायच्या. समजा पहिल्या यादीत १२ बोकड, दुसरीत १०, आणि दोन्हीकडे असलेले ८. तर गावात अंदाजे १२ गुणिले १० भागिले ८, म्हणजे १५. प्रत्यक्ष दिसलेले १४, एक दोघांच्याही नजरेतून सुटलेला.

अट एकच : याद्या खरोखर स्वतंत्र हव्यात. घरमालकानेच चारणाऱ्याचं नाव सांगितलं आणि चारणाऱ्याने त्याच घरचे बोकड दाखवले, तर जुळणारे वाढतात आणि अंदाज खाली येतो. म्हणून रानात जाणारा गावात शिरतच नाही, थेट आखरावर जातो. आणि दोघांनाही बोकड ओळखता यावा म्हणून तोंडाचा आणि डाव्या कुशीचा फोटो. बोकडांना नावं असतात, पण एका गावात राजा तीन असतात.

१९ ऑक्टोबर

सोयाबीन निघालं, गावं पुन्हा मोकळी.

आकडा मांडायचा कसा, यावर आज ठरवून टाकलं. प्रत्येक थराचा अंदाज गुणोत्तराने : नमुन्यातल्या गावांत आम्ही मोजलेल्या शेळ्या आणि त्याच गावांचा पशुगणनेतला आकडा यांचं गुणोत्तर काढायचं, आणि ते थराच्या एकूण आकड्याला लावायचं. एकविसाव्या गणनेचे गाववार आकडे हाती येईपर्यंत आधार २०१९ चा. त्यावर बेरारीचं प्रमाण. आणि कुठेही एकच आकडा छापायचा नाही. खालची आणि वरची मर्यादा सोबत. एक वरिष्ठ म्हणाले, लोकांना एक आकडा पाहिजे असतो. असेल. पण एका आकड्यावर योजना आखली आणि तो वरच्या टोकाचा निघाला, तर किंमत बोकडांनी मोजायची.

निकष दोन ठेवले : कडक, म्हणजे सगळी मुख्य लक्षणं, आणि सैल, म्हणजे रंग-कान पक्के, रेघ किंवा पट्टे अंधुक. दोन्हींमधलं अंतर हेच संकर किती आत गेला याचं माप. शहरालगतच्या थरात हे अंतर ठळकपणे मोठं दिसतं आहे, जंगलालगतच्या गावांत कमी. रामटेक-पारशिवनीकडे बिबट-वाघाची भीती असली, चराईचे निर्बंध असले, तरी बाहेरचा बोकड तिकडे अजून फारसा पोचलेला नाही. बेरारी राखायची तर सुरुवात तिथून करावी असं माझं मत आहे आणि ते मी अहवालात लिहिणार आहे.

१६ नोव्हेंबर

पुढच्या फेरीचं नियोजन. २०२६ ची बकरी ईद मे महिन्याच्या अखेरीस येते, म्हणजे व्यापारी एप्रिलपासूनच फिरू लागतील. ईदेआधीची मोजणी मार्चअखेर संपवायची.

या वेळी एक जास्तीचं काम. सहाही लक्षणं भरलेले जे बोकड सध्या गावात आहेत, त्यांची वेगळी यादी फोटोसह पशुसखींकडे दिली आहे. दर महिन्याला फक्त तीन गोष्टी कळवायच्या : आहे, विकला, खच्ची केला. विकला असेल तर वय आणि भाव. बोकड राखणाऱ्याला किती मोबदला दिला तर ईदेचा भाव सोडून तो आणखी एक वर्ष ठेवेल, हे याच भावांवरून काढता येईल. भिवापूरकडच्या दोन बचत गटांनी मिळून एक बोकड राखायची तयारी दाखवली आहे. त्यांच्याशी खाद्य कुणी द्यायचं आणि शेळी लावायचे किती घ्यायचे, यावर पुढच्या आठवड्यात बैठक.